माळावरची वस्ती

पोरांनी त्याला ‘कॅम्पिंग’ म्हटलं आणि आबांनी ‘वस्ती’. दोघांना जायचं होतं एकाच ठिकाणी, उजनीच्या पाण्यातल्या म्हसोबाच्या माळावर. पोरांच्या लेखी ते होडीनं जायचं एक बेट होतं. आबांच्या लेखी ती गावाची उत्तरेकडची शीव होती. खाली गाव होतं, गावाला लागून मळई, मळईच्या पलीकडं भीमा. आता त्या सगळ्यावर पाणी आहे आणि पाण्याच्या वर तेवढा माळ राहिलाय, चार-पाच एकराचा. बोरी-बाभळी, निवडुंग, एक लिंब आणि शेंदराचा रंग उडालेला एक दगड.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या डाव्या अंगाचं. धरणाला सुरुवात 1966 साली झाली. माढा तालुक्यात उजनीजवळ भिंत उभी राहू लागली तेव्हा वरच्या अंगाच्या लोकांना ते खरंच वाटत नव्हतं. नदी उन्हाळ्यात गुडघ्याएवढी व्हायची. ती अडवून केवढी अडणार? 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला आणि माती वाहायला गेलेली माणसं सुकडी आणि मिलो खाऊन परत आली, तेव्हा कुठं भिंतीचं माप गावाला कळलं. 1980 साली धरण पुरं झालं. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. सोलापूर, पुणे आणि नगर अशा तीन जिल्ह्यांतली गावं त्या पाण्यानं उठवली.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. घरं मोडायचं काम आधीच सुरू झालं होतं. लोकांनी पत्रे काढले, तुळया काढल्या, दारं चौकटीसकट उपटली. भिंती तेवढ्या ठेवल्या, कारण माती कोण नेणार? आबांनी पुढच्या दाराची सागवानी चौकट गाडीत घातली आणि नव्या गावठाणात ती पहिल्यांदा उभी केली. मग तिच्या मागं घर बांधलं. बरेच दिवस नुसतीच चौकट होती. आम्ही पोरं त्यातून आत-बाहेर पळायचो. आई मात्र तिकडं बघायचीही नाही.

नव्या गावठाणात गल्ल्या सरळ होत्या आणि प्लॉटला नंबर होते. 1976 साली पुनर्वसनाचा कायदा झाला होता. ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी मिळणार त्यांच्या जमिनीतून उठलेल्यांना जमीन द्यायची, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता. पण मिळालेली जमीन एकीकडं, घर दुसरीकडं आणि आठवणी तिसरीकडं असं आमच्यासारख्या कितीकांचं झालं. शाळेत हजेरीला माझ्या नावापुढं कुणी ‘धरणग्रस्त’ लिहिलं नव्हतं, तरी पोरं तसंच म्हणायची.

माळावर एक रात्र राहायचं, हे आबांच्या डोक्यात केव्हापासून होतं कोण जाणे. बोलले मात्र 2024 च्या उन्हाळ्यात. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि उजनी उणेत गेली होती. आमच्या भागात लहान पोरालाही हा शब्द ठाऊक असतो, पण बाहेरच्याला सांगावा लागतो. धरणाचा एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाज्याच्या खालचा. त्याच्या वरचं जे 53-54 टीएमसी, तेच शंभर टक्के धरायचं. ते संपलं की मृतसाठ्यातून उपसा सुरू होतो आणि पेपरात आकडा उणे होतो. त्या मे महिन्यात तो उणे 60 च्या आसपास गेला होता.

आणि उजनीचं पाणी पसरट. भरलेल्या धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 497 मीटर, मृतसाठ्याची 491. म्हणजे अर्ध्याहून थोडं कमी पाणी अवघ्या सहा मीटरांत मावलेलं. म्हणून हातभर पाणी उतरलं की कोसभर रान उघडं पडतं. त्या वर्षी सगळंच उघडं पडलं. इंदापूरकडचं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पायथ्यापर्यंत दिसलं आणि माणसं गाड्या करून बघायला गेली. कुगावचा इनामदारांचा वाडा वर आला. आमच्या गावाची जोती उघडी पडल्याचं कुणीतरी फोनवर दाखवलं. आबांनी तो फोन बराच वेळ हातात धरला. बोटानं चित्र मोठं करायचं त्यांना जमेना, म्हणून नातीला म्हणाले, “जरा हिरीकडं ने.” विहिरीचं कडं दिसलं. मग म्हणाले, “एक रात वस्तीला जाऊ. म्हातारपणाचं एवढं करा.”

लगेच बेत ठरला. पोरांच्या सुट्ट्या होत्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जायचं, अलीकडून होडीनं पाणी ओलांडायचं, जोती बघायची आणि रात्री माळावर झोपायचं. पोरांनी तंबूची चौकशी केली. मी होडीची केली. आमचा सगळा विचार तेवढ्यावरच संपला होता, हे आज कबूल करायला हवं. होडी आहे का, हे विचारलं. ती कसली आहे, किती माणसांची आहे, जाकिटं आहेत का, वळवाचे दिवस आहेत त्याचं काय, यातलं एक अक्षर विचारलं नाही.

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात माणसं होती. एक पोहून काठाला लागला, सहा गेली. त्यांत लहान लेकरंही होती. शोध दोन-तीन दिवस चालला. त्या पाण्यावरनं माणसं रोज ये-जा करत होती. या काठाचा नातेवाईक त्या काठाला, बाजार त्या काठाला, दवाखाना त्या काठाला, आणि रस्त्यानं वळसा घातला तर दिवस मोडतो. मोटारसायकलीसुद्धा बोटीत घालून नेत. धरण झालं तेव्हा दोन काठांमधला जो उतार होता, जिथनं बैलगाडी पलीकडं जायची, तो बुडाला. त्या उताराच्या जागी चाळीस-पंचेचाळीस वर्षं होडीच होती. शिरसोडी ते कुगाव पुलाची गोष्ट आता मार्गी लागलीय. पण पूल येईपर्यंत पाणीच रस्ता.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आईनं तंबूची पिशवी उचलून माळ्यावर टाकली. आबा काहीच बोलले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, “पाण्याशी हट्ट न्हाय करायचा. पर पाण्याला भिऊन गाव सोडायचं म्हणलं, तर ते आपण एकदा सोडलंयच की.”

म्हणून बेत मोडला नाही, लांबवला. या वेळी मात्र तो मुळापासून करायचा ठरला.

नदीत मुक्काम करणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. पंढरपूरच्या खाली गोपाळपूरजवळ विष्णुपद आहे. मार्गशीर्षात विठोबा तिथं राहायला जातो अशी श्रद्धा आहे. त्या महिन्यात पंढरपूरची माणसं तिथं वनभोजनाला जातात. नदीला पाणी असलं की होडीनं जायचं, दर्शन घ्यायचं, जेवायचं आणि उन्हं कलायच्या आत परतायचं. देवाचा मुक्काम महिनाभराचा, माणसाचा दिवसाचा. या रिवाजात मोठा शहाणपणा आहे. पावसाळा सरलेला असतो, नदी निवळलेली असते, वारं शांत असतं.

हा शहाणपणा ज्यांनी पाळला नाही त्यांची गोष्ट मी वर्गात मुलांना पुष्कळदा सांगितलीय. औरंगजेबानं भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, आजच्या माचणूरजवळ, 1695 ते 1699 एवढी साडेचार वर्षं छावणी टाकली होती. केवढी छावणी! बाजार, हत्ती, उंट, कचेऱ्या, सगळं एक शहरच. नदीकाठी इतकी वर्षं काढूनही पुढं 1700 साली त्यानं सांगोल्याकडं खवासपूरला माण नदीच्या पात्रालगत मुक्काम केला. माण म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडी. ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री वर कुठंतरी पाऊस झाला आणि लोंढा छावणीत शिरला. माणसं गेली, जनावरं गेली. गडबडीत बादशहा ठेचकाळला, त्याचा गुडघा निखळला आणि तो शेवटपर्यंत जरा लंगडतच राहिला. नातवाला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, “त्यांनी वेदर ॲप बघितलं नव्हतं.” आबा म्हणाले, “त्याला काठावरचं कुणी सांगितलं असंल की. त्यानं ऐकलं नसंल.”

काठावरच्या माणसाचं ऐकायचं, हे आमच्या बेताचं पहिलं कलम झालं.

ते माणूस म्हणजे मासेमारी करणारे एक मामा. त्यांचा बाप आमच्या जुन्या गावात काहिलीतून माणसं उतरवायचा. गूळ शिजवायची मोठी काहील, तीच पावसाळ्यात नाव व्हायची. ती गोल फिरायची म्हणून नव्या सुनांना भोवळ यायची. आणि ज्यांना पोहता यायचं ते वाळलेल्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून थेट पुरात पडायचे. मामांकडं आता इंजिनाची बोट आहे. आम्ही बारा माणसं येणार म्हटल्यावर ते म्हणाले, “सहा. दोन खेपा करीन. पर एका खेपंला सहाच.”

“मामा, बोट तर मोठी दिसतीय.”

“बोट मोठी हाय. वारं त्याच्याहून मोठं आसतंय.”

त्यांनी अटी सांगितल्या. मार्च लागायच्या आत यायचं, एकदा वळीव सुरू झाला की ते नेणार नाहीत. सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी वारं पडल्यावर पाणी ओलांडायचं, मधल्या वेळात नाही. अंधारात तर नाहीच. जाकीट काठावर घालायचं, बोटीत बसल्यावर नव्हे, आणि ज्याला गरम होतंय त्यानं काठावरच बसावं. रात्री ते स्वतः बोटीसकट माळावर राहणार. आम्हाला सोडून परत जाऊन सकाळी यायचं, असलं काम ते करणार नाहीत. रात्री कुणाची छाती दुखली, कुणाला पान लागलं तर?

जाकिटं गोळा करायला पंधरा दिवस गेले. मोठ्यांची मिळाली, लहान पोरांच्या मापाची मिळेनात. शेवटी पुण्याहून मागवली. दिवस ठरवताना पोरांना पौर्णिमा पाहिजे होती, पण ती बुधवारी येत होती. मग 15 फेब्रुवारी 2025 चा शनिवार धरला, संकष्टीच्या आदला दिवस. चंद्र साडेआठ-नवाच्या सुमाराला उगवणार. तोवर अंधार, म्हणजे उजेडातच चूल मांडून घ्यायची.

माळ धरणाच्या हद्दीत येतो म्हणून कचेरीत अर्ज दिला. अर्ज लिहायला मीच बसलो. तारीख, माणसं, बोट, सगळं लिहून झालं आणि ‘कारण’ लिहायची वेळ आली. पोरगी म्हणाली, “पर्यटन लिहा.” आबा म्हणाले, “गावी जायचंय आसं लिही.” मी दोन्ही लिहून बघितलं. गावी जाण्यासाठी परवानगी, हे वाक्य कागदावर विचित्र दिसत होतं. पण ‘पर्यटन’ लिहायला हात होईना. शेवटी लिहिलं, “आमच्या बुडित गावच्या माळावर एक रात्र वस्ती करण्याबाबत.” तिथल्या माणसानं अर्ज वाचला, आबांकडं बघितलं आणि विचारलं, “बाबा, कुठलं गाव?” आबांनी नाव सांगितलं. तो म्हणाला, “माझं आजोळ तुमच्या पलीकडचं.” आणि मग दोघं मला विसरून विहिरी मोजत बसले.

सामानाची यादी तीनदा झाली. चहूबाजूंनी पाणीच पाणी, तरी प्यायच्या पाण्याचे चार जार न्यायचे होते. वरच्या शहरांचं सांडपाणी येऊन मिळतं, ते पाणी उकळूनसुद्धा पोटात घालायची हिंमत होत नाही. आबा ज्या नदीला ओंजळ लावून पीत, तिच्या मधोमध जारचं पाणी प्यायचं होतं. खायला आईनं कडक भाकरी केल्या. त्या महिनाभर टिकतात आणि चुलीवाचून खाता येतात. शेंगाची चटणी, ठेचा, कांदे, शेवटचा शेवटचा हुरडा. मासे मामा आणणार, चिलापी. बॅटऱ्या, दोर, ताडपत्री, मीठ, औषधं. माळावर विंचू-काटा असणार म्हणून सगळ्यांना बूट. तंबू तीन. आबांनी तंबू नाकारला. “घोंगडं हाय की.”

आई येणार नव्हती. ती म्हणाली, “माझं घर बुडताना मी एकदा बघितलंय. आता त्याच्यावरनं बोटीतनं जाऊ व्हय?” तिला कुणी आग्रह केला नाही. निघायच्या दिवशी तिनं एक कागदाची पुडी आणि तेलाची छोटी बाटली माझ्या हातात दिली. पुडीत शेंदूर होता. एवढ्या याद्या झाल्या, पण म्हसोबाला शेंदूर न्यायचा हे आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आठला पहिली खेप निघाली. पाणी आरशासारखं होतं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. पोरांनी फोन काढले तेव्हा मामांनी इंजिन बंद केलं, पण कुणाला उठून उभं राहू दिलं नाही. आबा मधल्या फळीवर बसले होते. नारिंगी जाकिटात ते लहान पोरासारखे दिसत होते. एका ठिकाणी ते म्हणाले, “हळू घ्या.” मामांनी हळू घेतली. “इथं चावडी. इथनं डावीकडं आमची गल्ली.” मामा म्हणाले, “व्हय.” खाली काही दिसत नव्हतं, हिरवट पाणी फक्त. धरण भरल्यामुळं जोती कधीच बुडाली होती. मला वाटलं आबांना वाईट वाटेल. पण त्यांनी बोटानं एकेक घर दाखवत नेलं. मामा मान डोलवत होते. पोरांच्या फोनमध्ये ते चित्रण आहे, त्यात नुसतं पाणी दिसतं आणि आबांचा आवाज येतो.

पूर्वेकडं क्षितिजावर आगगाडी गेली. नातवानं विचारलं तेव्हा आबांनी सांगितलं की तो रूळसुद्धा उठलेलाच आहे. पुण्याकडून निघालेली रेल्वे 1858 साली डिकसळपर्यंत आली होती आणि 1860 साली सोलापूरला पोचली. आमच्या भागातला तो मूळ मार्ग धरणात गेला आणि रूळ वरच्या अंगाला हलवले. आज गाडी जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे अशी जाते. डिकसळचा जुना दगडी पूल पुढं रस्त्याला कामी आला. “मंजी आगगाडीपण धरणग्रस्त,” नातू म्हणाला. आबा मोठ्यानं हसले.

माळावर दिवस कसा गेला ते सांगण्यासारखं फार नाही. दगड वेचले, चूल मांडली, पोरं उन्हात भाजली. दुपारी वारं सुटलं तेव्हा मामांची अट कळली. सकाळच्या आरशावर हातहातभर लाटा उठल्या आणि बांधलेली बोट दगडावर आपटू लागली. सगळ्यांनी मिळून ती ओढून वर घेतली. संध्याकाळी वारं पडलं. मी दगड पुसला, तेलात शेंदूर कालवला. आबांनी तो थरथरत्या हातानं लावला.

रात्री तंबूतली पोरं जागी होती आणि आम्ही मधल्या वयाचे तर सगळेच जागे. पाण्याचा प्रत्येक आवाज मोठा वाटत होता. पलीकडच्या काठावर पंपांचे दिवे दिसत होते. ज्या पाण्यानं आम्हाला उठवलं, त्याच पाण्यावर दोन्ही काठांचा ऊस उभा आहे आणि सोलापूर शहर पाणी पितं. यात कुणाचं चुकलं असं आता मला म्हणता येत नाही. फक्त ऊस बघताना खाली काय आहे ते कुणीतरी सांगायला पाहिजे, एवढंच वाटतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उठलेली माणसं गाळपेराला परत येतात, आपल्याच रानात एका हंगामापुरतं कलिंगड नाहीतर मका घेतात आणि पाऊस लागला की पुन्हा उठतात. असं दरवर्षी येणं-जाणं करणाऱ्यांना बेट म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चंद्र वर आला तेव्हा मी आबांकडं बघितलं. ते घोंगड्यावर गाढ झोपले होते. घरी त्यांना रात्रीत चारदा जाग येते.

सकाळी वारं होतं. मामा म्हणाले, थांबू. कुणी घाई केली नाही. नऊच्या पुढं वारं पडलं आणि आम्ही दोन खेपांत परत आलो, सहा आणि सहा.

घरी आल्यावर आईनं आधी आबांचे पाय बघितले, काटा रुतलाय का म्हणून. मग मला विचारलं, “शेंदूर लावला?”

“लावला.”

“लिंब हाय?”

“हाय. मोठा झालाय.”

ती आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आतूनच तिनं विचारलं, “त्या जाकिटात लुगडं मावतंय का रं?”